गल्लीचं दुसरं तोंड

कासदीबाबांनी जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. जावा बेटावरच्या सुराबाया शहरातल्या त्या गल्लीत म्हणतच नाहीत कुणी. म्हणून शेजारच्या नव्या वसाहतीचे पुर्वांतो साहेब मिठाई घेऊन आले आणि वसाहतीलगत वर्दळ नको, गल्लीचं बाजाराकडचं तोंड भिंतीनं बंद करू म्हणाले, तेव्हा गल्लीचे प्रमुख कासदीबाबा मान डोलवत 'बरं, बरं' म्हणाले. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. पुर्वांतोही जावाचेच, त्यांना काय हे कळत नव्हतं? पण सोयीचं तेवढं उचलून त्यांनी दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवले.

बाबांची लेक वारसिनी भडकली. तिची विकायच्या पेचेलची टोपली रोज त्याच वाटेनं तिच्या पाठीवरून बाजारात जायची. शाळा, दवाखाना, सगळं गल्लीला पायी जवळ. वसाहतीला मात्र एकच फाटक, आणि सकाळी तिथे मोटारींची ही भली मोठी रांग! स्वतः कोंडून घेतलंय ते घेतलंय, वर आम्हालाही कोंडता, असं ती गवंड्यांना सुनावून आली. भिंत झाली की हमरस्त्यानं वळसा, म्हणजे घरोघर फटफटी, आणि तो रस्ता आधीच तुंबलेला. दुसरं तोंड नसलेली गल्ली ही गल्ली नव्हे, पिशवी.

भिंतीच्या आखलेल्या रेघेवरच तिनं चटई अंथरली आणि पेचेल वाढायला, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी ओतायला बसली. वसाहतीतल्या मोलकरणी आल्या, पहारेकरी आला. शेवटी गवंडीही कालवलेला माल सोडून पानावर बसले.

तेवढ्यात पुर्वांतो आले. आवाज मधासारखा. फाटकापाशी तुम्हाला छान जागा देतो, इथून उठा, म्हणाले.

"नाही," वारसिनी म्हणाली. "मला जागा द्याल हो. गल्लीला वाट कुठून देणार?"

मोठ्या माणसाला असं सरळ उत्तर त्या गल्लीनं कधी ऐकलंच नव्हतं. मागे कासदीबाबा येऊन उभे होते, पुर्वांतो त्यांच्याकडे वळले. "बाबा, तुम्ही होकार दिला होता. लेकीला समजवा."

बाबांचे कान लाल झाले होते. आता ते पुन्हा मान डोलावतील आणि संपलं सगळं, असं वारसिनीला वाटलं. बाबांनी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी चटईवर ऐसपैस मांडी ठोकली.

"वाढ गं. तिखट घाल जरा." मग तिकडच्या रीतीप्रमाणे उजव्या अंगठ्यानं अदबीनं समोरची जागा दाखवत म्हणाले, "या साहेब, बसा. पोरीच्या हातचं खाऊन बघा."

म्हाताऱ्या माणसानं जेवायला बोलावलं तर नको म्हणू नये, हे पुर्वांतोंच्या आईनंही त्यांना शिकवलं होतंच. ते चुळबुळले, इकडेतिकडे बघितलं, बूट काढले आणि बसले.

वारसिनीनं हात सैल सोडून मिरच्या वाटल्या. पलीकडे घमेल्यात सिमेंट दगड होत चाललं होतं.