निवेसचं दूध

एल्वियो कोळशाने काळा होऊन आला आणि अंगणातच बूट काढत बसला. माझा मुलगा पाणीघरात, गावाचं पाणी गाळतात तिथे, कामाला आहे. वरच्या अंगाच्या कारखान्याने जमिनीत जे रसायन मुरवलं, ते कुजत नाही, उकळलं तरी जात नाही. कोळशाच्या टाक्यांत तेवढं अडकतं. तो कोळसा भरला की उपसून नवा घालायचा, हे त्याचं काम. आसपासची सगळी गावं माझ्या पोराच्या हातचं पाणी पितात, असं मी चर्चबाहेर सांगते. कुणी नाक मुरडलं तर आवाज चढवून सांगते.

आत माझी सून निवेस लहानग्या इरेनेला पाजत होती. सकाळी ती दवाखान्यात जाऊन आली होती. गरोदरपणी तिच्या रक्तात ते रसायन भरपूर निघालं होतं, आता निम्म्यावर आलं म्हणे. मी म्हटलं, माझ्या हातचा मक्याचा पोलेंटा अंगी लागला. वाइन ओतली. तिने पेल्याला हात लावला नाही.

एल्वियो हात धूत होता. निवेसने त्याला विचारलं, "पाण्यातून निघतं ते कोळशात बसतं ना? मग माझ्यातून निघालं ते कुणात बसलं?"

नळ चालू राहिला. त्याने लेकीकडे पाहिलं, आणि मला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी पाजत राहा म्हणून सांगितलं होतं, दुधाचा गुण मोठा. मीही तेच म्हटलं. माझी तिन्ही पोरं चालायला लागेस्तोवर अंगावर प्यायली. डब्यातल्या पावडरीला मी वासरांचा खुराक म्हणते, गावभर म्हणते.

निवेसने पोरीला बाजूला घेतलं, सदऱ्याची बटणं लावली.

"डॉक्टरीणबाई बरोबरच असतील, आई. पण आता मला कळलंय. माझ्याच्याने नाही होणार."



एल्वियो तसाच, काळ्या कपड्यांत, डबा आणायला गेला. बाटलीबंद पाणी कोमट करून पावडर मीच कालवली. इरेने बाटलीचं निपल तोंडात धरीना. मान वळवून आईला शोधे, आणि रडे. चुलीपाशी उभ्या निवेसचा सदरा छातीवर ओला होत चालला होता. ती पुसत नव्हती.

मी पोरीला उचलून मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आईचा वास तिथवर येऊ नये म्हणून.