कडेकडेने

पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा समोर बाभूळ नव्हती. यशोधराने डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि पुन्हा पाहिलं. निघाली होती ती पलीकडच्या काठावरच्या बाभळीचा नेम धरून. आता समोर होता तलावाचा दगडी सांडवा, आणि बाभूळ पार उजव्या अंगाला राहून गेली होती.

ती चिखलातून पाय ओढत बाहेर आली. बांधावर उकिडवे बसलेले तिचे वडील, रखमाजी, हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

"हसताय काय, आबा? सरळच तर येत होते मी."

"येत हुतीस की. विहिरीत पोहल्यावानी."

तिला कळायला थोडा वेळ लागला. गेले दोन महिने ती गावच्या गोल विहिरीत रोज पहाटे पोहत होती. उजव्या हाताला भिंत धरून, कडेकडेने, घाण्याच्या बैलासारखी. अंगाला तेच वळण लागलं होतं. मोकळं पाणी मिळालं तरी हातपाय आपले भिंत शोधत डावीकडे वळत होते. पुण्याच्या शर्यतीत भिंत नसणार होती.

शर्यतीचं खूळ निघालं होतं तालुक्याच्या बैठकीत. यशोधरा गावच्या उपकेंद्रात नर्स होती. जामखेडला महिन्याची बैठक संपता संपता डॉक्टरांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचून दाखवली. आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकल मारायची आणि सायकल टाकून पळायचं, असलं काहीतरी पुण्याला जानेवारीत होणार होतं. ट्रायथलॉन म्हणे. डॉक्टर म्हणाले की आपल्या सिस्टर रोज हेच करतात, सायकलवर गावं फिरतात, एसटी धरायला पळतात. राहिलं फक्त पोहणं. पण जामखेडकडच्या बाईला पोहायचं असेल तर टँकरच मागवावा लागेल. सगळे हसले. यशोधराही हसली. मग तिने उठून तो कागद मागून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

नवरा योगेश जामखेड डेपोत कंडक्टर होता. आठवड्यातून तीन रात्री बाहेर मुक्कामाला. त्याने विचारलं होतं, नंबर येणार आहे का?

"नंबर नको मला. मधेच कुणी काढून नावेत घालू नये, एवढंच. शेवटची आले तरी पोहून बाहेर येणार."

सायकलची चिंता नव्हती. गोळ्या आणि लशींचा डबा मागे बांधून ती चार वाड्या रोजच फिरायची. पळण्याने मात्र गावाला कोड्यात टाकलं. सिस्टर पळताना दिसली की एकच अर्थ, कुणाची तरी घटका भरली. पहिल्या आठवड्यात माणसं तिच्या मागे पळाली. "कुणाकडं वो, सिस्टर?" असं विचारत एक म्हातारा तर वेशीपर्यंत आला. कुणाकडेच नाही म्हटल्यावर तो इतका नाराज झाला की तिलाच वाईट वाटलं. पुढे लोकांनी टोमणे सुरू केले. दोन लेकरांची आई, हिच्यामागे कुत्रं लागलंय का, म्हणून बाया पाणवठ्यावर हसायच्या. ती पळत राहिली. घरी येऊन भाकऱ्या थापायच्या, थोरल्या भारतीची वेणी घालायची, धाकटीला दूध पाजून आईच्या, विमलबाईंच्या, मांडीवर द्यायचं आणि नऊला उपकेंद्राचं कुलूप काढायचं. ह्या सगळ्याच्या आधीचा पहाटेचा एक तास तिचा स्वतःचा होता, आणि तो फक्त विहिरीत जात होता. तलाव एसटीने तासाभरावर. तिथे रविवारीच जमायचं, तेही एखाद्याच.

पोहायला तिला आबांनीच शिकवलं होतं, ओढ्याच्या डोहात, ती आठ-नऊ वर्षांची असताना. ते पलटणीत शिकून आले होते. पण तिच्या विहिरीवर ते एकदाही आले नव्हते.

विहीर गावाची होती. बहात्तरच्या दुष्काळी कामावर खणलेली. जमिनीचा कोपरा गावातल्या मच्छिंद्रच्या वडिलांनी दिला, आजूबाजूचं रान त्यांचं, पुढे मोटारही त्यांचीच बसली. आणि गावात नळ आल्यावर लोक तिला मच्छिंद्रची विहीर म्हणू लागले. सुटीत पोरं तिच्यात उड्या मारत. म्हशी वरच्या डोणीत पाणी पीत. यशोधराने मच्छिंद्रच्या बायकोचं, रुपालीचं, अडलेलं बाळंतपण सोडवलं होतं, म्हणून त्याच्या आईला, बनुबाईंना, विचारायला तिला अवघड वाटलं नव्हतं.

"पोह की, बाई," बनुबाई म्हणाल्या होत्या. "पानी काय झिजतंय व्हय?"

हे तिने आनंदाने घरी सांगितलं, तर आबांनी पानाची चंची आवळली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून विमलबाईंनी हळू आवाजात सांगितलं. त्या विहिरीतला खडक फोडायला सुरुंग भरले ते तुझ्या बापाने. पलटणीत तेच काम होतं त्यांचं. मी पाट्या वाहिल्या. पाणी लागलं त्या दिवशी वर नारळ फुटला. आणि खालून वर आलेल्या आपल्या माणसांना ओंजळी पुढे करायला लावून वरून, लांबून पाणी घातलं. तुझ्या बापाने ओंजळ धरली नाही. पुन्हा तिकडे गेलेही नाहीत.

यशोधरा ओट्यावर गेली तेव्हा आबा एवढंच बोलले, "इचारून पोहतीस. पोह."

तलावावरून आल्यानंतरच्या सोमवारी ती विहिरीच्या पायऱ्या चढून वर आली, तर मच्छिंद्र मोटारीच्या खोपीपाशी उभा होता. तिच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा, मऊ बोलणारा माणूस. त्याने तोंड दुसरीकडे केलं आणि तिला अंगाभोवती चादर गुंडाळू दिली.

"सिस्टर, राग मानू नका. उद्यापासून नका येऊ."

"का?"

"लोकं बोलत्यात. बाईमानसानं असं..."

"मला बोलतात ना? माझं मी ऐकते."

"मलाबी बोलत्यात." तो पायाने माती उकरत राहिला. "तुमी नर्स हाय, तुमचा मान हाय. पन उद्या तुमच्या वस्तीवरची समदीच पोरं येतील. मग मी कुनाकुनाला न्हाई म्हनू?"

"आणि बाकीची पोरं येतात त्यांना?"

"त्यांचं येगळं हाय."

हे बोलून त्याचा त्यालाच चटका बसल्यासारखा तो थांबला. मग अधिकच मऊ आवाजात म्हणाला की आईने हो म्हटलं ती आईची भलाई, पण विहिरीचं आता तोच बघतो.

यशोधरा उपकेंद्रावर गेली. दिवसभर तिने लशी दिल्या, नोंदी केल्या, एका पोराच्या कानातली ज्वारी काढली. बनुबाईंकडे पुन्हा जावं असं दोनदा मनात आलं. त्या नक्की हो म्हणाल्या असत्या. त्यांच्या दारापर्यंत सायकल गेलीही, पण तिने पायडल मारलं आणि ती पुढे गेली.

संध्याकाळी ती चुलीपुढे बसली होती. आबा भारतीला पाढे विचारत होते.

"मच्छिंद्रने विहीर बंद केली," ती भाकरी उलटत म्हणाली.

"काय म्हनला?"

तिने सगळं सांगितलं. त्यांचं येगळं हाय, हेसुद्धा. विमलबाईंनी धाकटीला उगाच जवळ ओढलं. आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "उद्या किती वाजता निघायचं?"

"आबा, तो नाही म्हणालाय."

"व्हय. म्हनून तर इचारतोय."

पहाटे ते पुढे आणि ती मागे चालत होती. आबांनी पलटणीतला खाकी स्वेटर घातला होता. त्याच्या कोपरांना विमलबाईंनी कधीतरी दुसऱ्याच रंगाची लोकर लावली होती. थंडी चांगली पडली होती आणि विहिरीतून वाफ वर येत होती. काठाजवळ येताच आबा थबकले, चपला काढाव्यात की काय अशा विचारात पडल्यासारखे. काढल्या नाहीत. काठावरून वाकून त्यांनी आत पाहिलं. पाणी काठापासून दोनच पायऱ्या खाली होतं. ते पाहत होते तो खडक त्याच्याही खूप खाली असणार.

मग काठावरून चालत ते पायऱ्यांच्या बरोबर समोरच्या बाजूला गेले, एका दगडावर बसले आणि हातातली काठी दगडावर आपटली.

"कडंनं न्हाई. मदनं. काठीकडं बघत ये."

यशोधरा पाण्यात उतरली. एवढ्या दिवसांत ती मधून कधी गेलीच नव्हती. कडेला हाताशी दगड असे. मधे पाणी काळं होतं आणि खाली किती आहे ते कळत नव्हतं. पहिल्या खेपेला तिचा डावा खांदा आपोआप वळला आणि ती भिंतीशी गेली. आबांनी काठी आपटली. दुसऱ्या खेपेला जरा बरं. तिसऱ्या खेपेला ती मधोमध पोहोचली आणि तिथे तिला एकदम श्वास पुरेना. ती उताणी झाली, तरंगत राहिली आणि हळूहळू पायऱ्यांशी परत आली. वरून ठकठक चालूच होती.

तेवढ्यात उसातून बॅटरीचा उजेड हलत आला. मच्छिंद्र मोटार चालू करायला आला होता. त्याने आधी पायऱ्यांवरची चादर पाहिली, मग पाणी, मग पलीकडचं माणूस. तो काठाने झपाझप चालत गेला आणि आबांच्या पुढ्यात, अगदी पाण्याच्या बाजूला उभा राहिला.

"आबा, सिस्टरला मी काल सांगितलं हुतं."

आबांनी मान वर केली.

"सांगितलंस. तिनं मला सांगितलं."

"मग?"

"मग आलो."

मच्छिंद्रने बॅटरी विझवली, पुन्हा लावली. विहिरीतून यशोधराला त्याची फक्त पाठ दिसत होती. तिचे पाय गार पडले होते. वर यावं, काहीतरी बोलावं, आबांना घेऊन घरी जावं, असं तिला वाटून गेलं. ती पायरीला धरून जागच्या जागी राहिली.

"माझ्यावर हात टाकनार असशील तर टाक," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग होता ना आर्जव. "तसं नसंल तर जरा बाजूला हो, मच्छिंद्र. पोरीला समोरचं दिसत न्हाई."

पाण्यावरची वाफ पातळ होत चालली होती. कुठेतरी एक टिटवी ओरडून गेली. मग खडीवर चपलांचा आवाज झाला.

यशोधराने भिंतीला पाय लावले. समोर आता दगडावर बसलेले आबाच तेवढे दिसत होते. त्यांनी काठी उचलली.