भातकुलीच्या बांधावरची पाथरी

मित्रांनो, मी एक जुनी पाथरी आहे. भातकुलीजवळ भगवंतरावांचं काळ्या मातीचं शेत आहे, त्याच्या बांधावर मी राहते. माझी पानं जमिनीला चिकटून पसरतात, त्यांची कड करवतीसारखी कातरलेली असते आणि फूल पिवळंधमक. पान तोडलं की पांढरा चीक येतो. परदेशात डँडेलियन नावाची माझी एक लांबची बहीण आहे. तिचीही पानं माझ्यासारखीच कडसर, आणि तिकडचे लोक ती कोशिंबिरीत घालतात, वाळवून चहासारखी उकळून पितात.

कुणी लावलं म्हणून मी उगवले नाही. म्हातारीच्या कापसासारखं एक बी वाऱ्यावर आलं आणि इथल्या भेगेत पडलं, तीच मी. माझ्या तरुणपणी हिवाळ्यात बायका ओटीत भरभरून मला नेत. कुणी मीठ लावून कच्चीच भाकरीबरोबर खाई, कुणी बेसन पेरून भाजी करी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मला खाऊ घालत. जेवण पचतं, पोट हलकं राहतं, असंही म्हणत. मला फार बरं वाटायचं.

मग बाजारातली कोबी, फुलकोबी घरोघरी पोचली. ओट्या यायच्या थांबल्या. माझं 'भाजी'चं 'तण' झालं.

यंदा हरभरा फुलला तेव्हा भगवंतरावांना ताप आला. त्यांचं घर शेतातच आहे, त्यामुळे अंगणातलं बोलणं मला ऐकू येतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण त्यांनी जेवण सोडलं. त्यांची बायको मनकर्णाबाई ताट घेऊन बसत आणि तसंच उचलून नेत. धिप्पाड माणूस खाटेवर वाळत चालला होता.

"आवो, दोन घास त खा," त्या विनवत होत्या.

"तोंडाले चवच नाही. मले पाथरी पाह्यजे, बांधावरची."

मनकर्णाबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून सून प्राजक्ता निघाली. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या अंगावरून पाय टाकून गेली आणि भलताच रानपाला खुडून घेऊन आली!

भगवंतरावांनी तो पाहिला आणि कितीतरी दिवसांनी हसले. "पोरी, हे म्हशीपुढं टाक. माह्या दातांचं काम नोहे."

प्राजक्ताही हसली, पण हट्टाला पेटली. सासूबाईंनी तिला पानाची कड, चीक, फूल सगळं नीट समजावलं. ती परत बांधाकडे वळली.

नेमका तेव्हाच तिचा नवरा किशोर तणनाशकाचा पंप भरून पाठीला लावत होता. आज अख्खा बांध साफ करायचा बेत होता त्याचा. मी पळू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त फुलून होते.

प्राजक्ता वाकली. तिनं माझं एक पान तोडलं, बोटावर पांढरा थेंब आला, आणि ती ओरडलीच, "थांबा जी! फवारू नका!"

"काहून? तनच त हाय ते."

"तन नोहे, मामाजींची भाजी हाय! पाहा इकडं."

किशोर जवळ आला. त्यानं पान तोंडात टाकलं, कडू चवीनं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा तो हसत होता. "अवं, हे त पाथरी! लहानपनी मी भाकरीसंग खाल्ली नं! पार ईसरून गेलतो."

त्यानं पंप उतरवला. दोघांनी मिळून माझी बाहेरची पानं खुडली, मुळाला हात लावला नाही.

अंगणात पानं धुतली, मीठ लावलं. भगवंतराव सावकाश चावत राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"कडू हाय," ते म्हणाले. "लय चांगली कडू हाय. दुसरी भाकर हाय का वो?"

मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसत चुलीकडे धावल्या, गुडघे विसरून.

मित्रांनो, मी औषध नाही. ताप डॉक्टरांच्या गोळ्यांनीच गेला. माझ्या अंगी आणखी काय गुण आहेत, ते अभ्यासणारी माणसं शोधतील. पण भूक रुसते तेव्हा माझी कडू चव तिची समजूत काढते, असं जुनी माणसं सांगत आली. तुम्ही मला शोधायला याल तर जाणत्या माणसाला सोबत आणा, फवारलेल्या बांधावरचं पान तोडू नका, आणि मला मुळासकट उपटू नका.

आता शेजारपाजारच्या बायकाही येऊ लागल्या आहेत. त्या वाकल्या की भगवंतराव खाटेवरून खणखणीत आवाजात ओरडतात, "बायांनो, माह्यासाठी ठेवजा थोडी!"

आणि मी घाईघाईनं नवी पानं काढायला लागते.