सोलवेगनं सकाळीच सांगितलं होतं

सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आल्या की आइसलंडमधलं हे अख्खं खोरं कोंडवाड्यावर लोटतं. कानावरची खूण बघायची, शिंगं धरायची, आपली मेंढी आपल्या कप्प्यात ओढायची. मग गाणी, आणि गाण्यांच्या आधी, मध्ये, नंतर दारूच्या चपट्या. पुढे आलेली चपटी नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं.

सोलवेगची दारू सुटून अकरा महिने झाले होते. यंदा तिनं घरीच बसावं, असं तिच्या धाकट्या भावाला, केतिलला, वाटत होतं. पण बाई आल्या, आणि एकेका शेजाऱ्याला गाठून सांगत सुटल्या, "माझ्यापुढे चपटी धरू नकोस. आणि मी रडून मागितली तरी देऊ नकोस."

"घरची लक्तरं वेशीवर टांगायला आलीस का?" केतिल दातओठ खात म्हणाला.

"वेशीला ठाऊक नाही असं काय उरलंय, बाबा? मागच्या खेपेला याच चिखलात झोपले होते ना मी?"

शेवटी ती ब्रान्दुरकडे गेली. सत्तरीचा हा म्हातारा स्वतःच अट्टल पिणारा.

"देऊ नको? मी? अगं, मी मेंढीलाही कधी नाही म्हटलेलं नाही!"

सगळे हसले. सोलवेगही हसली, पण जागची हलली नाही.

"बरं बाई, नाही देत," तो म्हणाला.

दिवसभर ती ठणठणीत होती. घात केला तो आनंदानं. दुपारी कळपातून एक तपकिरी मेंढी पुढे आली. कानावर सोलवेगची खूण! दोन हिवाळे बेपत्ता, मेली म्हणून सोडून दिलेली. लोकांनी आरोळी ठोकली, कुणी गाणं उचललं, आणि सोलवेगनं ब्रान्दुरपुढे हात पसरला.

"एकच घोट. आज तरी दे रे!"

केतिल मेंढ्या ढकलत धावला, पण मध्ये सगळा कळप होता.

ब्रान्दुरनं ओठांजवळची चपटी बूच लावून बुटात खुपसली. तिचे दोन्ही हात धरून त्या मेंढीच्या शिंगांवर ठेवले. "सकाळी शब्द दिलाय तुला. ओढ आता. हात मोकळा ठेवू नकोस."

ती रडत, शिव्या घालत मेंढी ओढू लागली. सकाळी जिची लाज वाटली, तिचा केतिलला आता इतका अभिमान वाटला की त्याचे डोळे भरून आले. त्यानं कप्प्याचं फाटक उघडून धरलं.

"सगळ्यांना सांगितलंस. मलाच का नाही?"

"तुला माझं रडणं बघवत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तू दिली असतीस."

केतिलनं खिशातली चपटी चाचपली. मघाशी मेंढ्या ढकलत तिच्याकडे धावताना त्याचा एक हात याच बुचावर होता.