उर्वशी सिस्टर आणि डावीकडे ओढणारी जीप

गोंडपिपरीच्या उर्वशी खोब्रागडेला गाडी चालवायला तिच्या नवऱ्यानं शिकवलं. नवऱ्याला कुणी शिकवलं होतं, हे तिनं कधी विचारलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

उर्वशी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होती. जंगलाच्या कडेकडेनं पसरलेली गावं तिच्याकडे होती, आणि त्यातल्या निम्म्या गावांचा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नसे. स्कूटी चिखलात रुतली की ती तिथंच सोडून, लसींचा डबा खांद्याला अडकवून ती पायी निघायची. परत येईपर्यंत सीटवर एखादी बकरी बसलेली असायची, आणि तिला उठवायला गेलं तर तीच डोळे वटारायची.

प्रफुलचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, तहसीलीसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. बायकोचे हे हाल आपल्याला पाहवत नाहीत असं म्हणून त्यानं एक दिवस वरोऱ्याहून जुनी जीप आणली. चारही चाकं ओढणारी, आधीच्या मालकानं मुद्दाम उंच करून घेतलेली, आणि चाकं अशी जाडजूड की ट्रॅक्टरनं मागे वळून पाहावं. बायकोच्या हालांचं कारण खरंच होतं. पण कॉलेजात असल्यापासून प्रफुलच्या मोबाईलवर अशाच जीपचा फोटो होता, हेही खरं होतं. त्याची आई गिरजाबाई जीपमध्ये चढायला गेली, तेव्हा घरातून स्टूल आणावं लागलं.

"वरोऱ्याहून याले एवढा टाइम काऊन लागला?" उर्वशीनं विचारलं.

"मजा घेत आलो," प्रफुल म्हणाला. त्याचे दोन्ही तळहात लाल झाले होते, ते त्यानं खिशात घातले.

प्रफुल गाडी शिकला होता तो मामाच्या शेतात, ट्रॅक्टरवर, आणि त्यातही धानाच्या चिखलभरल्या बांधीत. त्यामुळे ही जीप त्याला लोण्यासारखी वाटायची. तिच्यात जे काही विचित्र होतं ते जीपपणाचाच भाग असणार, असं त्यानं धरून टाकलं आणि तसंच बायकोला शिकवलं.

"हे पाय, सरळ जायचं असंल त स्टिअरिंग थोडंसं उजवीकडे धरून ठेवायचं."

"सरळ जायले उजवीकडे?"

"हो. नाई त ते डावीकडे जाते. ऑफ-रोडची गाडी हाय ना. रोडवर तिले करमत नाई. जंगल दिसलं की तिकडे ओढ घेते."

उर्वशीनं मान हलवली. नर्सिंगला असताना तिनं याहून अवघड गोष्टी पाठ केल्या होत्या. ब्रेक दाबण्याआधी आणखी थोडं उजवीकडे वळवायचं, हेही ती शिकली. खड्ड्यातून गेल्यावर जीप आणखी चार-पाच वेळा आपल्या मनानं उड्या मारते, तेवढा वेळ बोलायचं नाही, हेही शिकली. सगळ्यात महत्त्वाचा धडा पन्नासचा होता. काटा पन्नासवर गेला की आधी स्टिअरिंग थरथरायचं, मग बोनेट, मग अख्खी गाडी अंगात आल्यासारखी डावी-उजवी घुमायला लागायची. अशा वेळी ओरडायचं नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि गाडीला शांत होऊ द्यायचं.

"अन पन्नासच्या पुढे?" उर्वशीनं विचारलं.

"पुढे कोणी गेलं नाई आतापर्यंत," प्रफुल म्हणाला.

दोनेक महिन्यांत उर्वशी जीप अशी चालवायला लागली की प्रफुलही शेजारी बसून नुसता पाहत राहायचा. तिचे दंड भरले. ब्लाउजच्या बाह्या उसवून घ्याव्या लागल्या. गावोगावच्या लोकांनाही सवय झाली. जीपचा आवाज आला की हातपंपावरच्या बायका पाण्याचे गुंड सोडून रस्त्याच्या उजव्या अंगाला सरकायच्या, कारण सिस्टर डावीकडे कधी येईल याचा भरवसा नव्हता. गिरजाबाईचं डोकं एकदा टपावर आपटलं. तेव्हापासून ती डोक्यावर उशी ठेवून, वरून पदर घट्ट बांधून बसायला लागली. तक्रार मात्र तिनं केली नाही. घरात जीप आहे, हे तिला आवडायचं.

त्याच दिवसांत एका गावातल्या बुधू मडावीच्या बायकोला, रोशनीला, कळा सुरू झाल्या. अॅम्ब्युलन्स नाल्याच्या पलीकडे अडकली होती. उर्वशीनं रोशनीला मागच्या सीटवर घेतलं, प्रफुलला शेजारी बसवलं आणि नाल्याच्या वरच्या अंगानं, जिथून बैलगाड्या जायच्या तिथून, जीप पार काढली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या रोशनी बाळंत झाली. डॉक्टरांनी घड्याळ पाहून विचारलं, "एवढ्या लवकर?" गिरजाबाईनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "त्या जीपमंधी मी बसून राह्यली असती त मले बी झालं असतं."

लायसन्स मात्र काढायचं राहिलं होतं. शिकाऊ लायसन्सची मुदत संपत आली, तेव्हा पक्क्या लायसन्सच्या ट्रायलला उर्वशी चंद्रपूरला गेली. जीप एवढी उंच, साहेबांना चढायला त्रास नको, म्हणून प्रफुलनं त्याच्या ओळखीच्या प्रणितची गाडी सांगितली होती. प्रणितचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि गाडी नवीकोरी, पांढरी, लहानशी होती. सीटवरचं प्लॅस्टिकही त्यानं काढलं नव्हतं.

उर्वशी बसली. शेजारी तपासणीचे साहेब बसले, त्यांचं नाव वाढई. "सरळ चला," ते म्हणाले.

उर्वशीनं सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. त्या बिचाऱ्या गाडीनं सांगितलं तेवढं ऐकलं आणि उजवीकडे रांगेत लावलेल्या जुन्या टायरांत जाऊन घुसली. उर्वशीनं ब्रेक मारायचं ठरवलं, त्याआधी नियमाप्रमाणे आणखी उजवीकडे वळवलं, आणि मग गाडी टायर ओलांडून गवतात थांबली. लांबवर उभ्या असलेल्या प्रणितनं डोळ्यांवर हात ठेवला.

उर्वशी खाली उतरली. गाडीच्या भोवती एक चक्कर मारली. मग रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तशा सुरात म्हणाली, "साहेब, या गाडीत दोष हाय. उजवीकडे ओढते."

"बाई, स्टिअरिंग तुम्ही फिरवलं."

"थोडंसंच फिरवलं. सरळ जायसाठी."

"सरळ जायसाठी काऊन फिरवता?"

"मग सरळ जाईल कशी?"

वाढई साहेबांनी खूप वर्षं लोकांच्या ट्रायल घेतल्या होत्या. बकरी मारलेले, झाडावर चढवलेले, रडलेले, सगळे त्यांनी पाहिले होते. पण हा प्रश्न त्यांना नवीन होता. ते म्हणाले, "पुढच्या वेळेस तुमच्या सवयीची गाडी घेऊन या."

पुढच्या वेळेस जीप आली. शेजारी प्रफुल, मागे गिरजाबाई. तिला चंद्रपुरात डोळे दाखवायचे होते. साहेबांसाठी प्रफुल मागे जाऊन बसला. साहेब खिडकीला लोंबकळत कसेबसे चढले आणि मागे वळून बघतात तो म्हातारीच्या डोक्यावर उशी.

"आजी, डोक्यावर काय आहे?"

"उशी हाय."

"कशासाठी?"

"समजंल," गिरजाबाई म्हणाली.

मैदानात उर्वशीनं जीप अशी फिरवली की बघणाऱ्यांची गर्दी जमली. आठाचा आकडा तिनं एका दमात काढला, मागे घेतानाही कडेला रोवलेली एकही दांडी पाडली नाही. साहेब खूष झाले. म्हणाले, "आता रोडवर घ्या, बल्लारपूरच्या बाजूनं. जरा स्पीड दाखवा."

"किती दाखवू?"

"पन्नास-साठ."

मागच्या सीटवर प्रफुल खाकरला. गिरजाबाईनं पदराची गाठ आवळली. उर्वशीनं गियर बदलले, आणि काटा चाळीस, पंचेचाळीस करत वर गेला. पन्नासला स्टिअरिंग थरथरलं. मग बोनेट. मग जीप अशी घुमायला लागली की साहेबांच्या खिशातला पेन उडून गिरजाबाईच्या मांडीवर पडला. साहेबांनी समोरची दांडी पकडली. चाक निखळलं, असं त्यांना वाटलं. चाक निखळलं असतं तरी गाडी याहून सरळ गेली असती, हेही वाटलं.

"साहेब, दात मिटून ठेवा," उर्वशी शांतपणे म्हणाली. "जीभ चावते."

"थांबवा," साहेब दातांच्या फटीतून म्हणाले.

आता थांबवायचं म्हणजे ब्रेक, आणि ब्रेकच्या आधी उजवीकडे. समोरून कोळशाचा ट्रक येत होता. उर्वशीनं जीप सरळ त्याच्या तोंडाकडे वळवली. साहेबांनी डोळे मिटले आणि आईचं नाव घेतलं. ट्रकचा हॉर्न कानाजवळून वाजत गेला. डोळे उघडले तेव्हा जीप रस्त्याच्या कडेला, किलोमीटरच्या दगडाला समांतर, शिस्तीत उभी होती.

साहेब उतरले आणि त्या दगडावर बसले. गिरजाबाईनं वरूनच पाण्याची बाटली दिली आणि पेनही. बऱ्याच वेळानं ते उठले. पुढच्या चाकाशी वाकून त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं लकलक हललं.

"तुम्हाले कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

उर्वशीनं मागे पाहिलं. प्रफुल खिडकीतून आकाशाकडे बघत होता.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्हाले गाडी चालवता येत नाही. अन तुम्हाले जे येते, ते माझ्या पाहण्यात दुसऱ्या कोणालेच येत नाही. लायसन्सचं मागून पाहू. ही जीप आता इथून आपल्या चाकांवर हलवायची नाही. उचलून न्या." एवढं बोलून त्यांनी एका मोटरसायकलवाल्याला हात दाखवला आणि त्याच्या मागे बसून ते गेले.

जीप क्रेनला टांगून बल्लारपूरच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं ती वर चढवली आणि पुढच्या चाकांना जोडणारा रॉड धरून जरा झटका दिला. रॉडचं टोक त्याच्या हातात आलं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला मुख्य पाटा तुटलेला होता. तो तारेनं बांधून वरून काळा रंग मारला होता, म्हणजे हे काम कुणीतरी बसून, लक्ष देऊन केलं होतं. धक्के झेलायचे शॉकअप नुसते नावाला होते.

"हे टोक चालत्या गाडीत निघालं असतं त?" उर्वशीनं विचारलं.

"मग स्टिअरिंग फिरवा का भजन म्हणा, सारखंच," मिस्त्री म्हणाला.

उर्वशी तिथं पडलेल्या एका टायरवर बसली. इतके महिने अंगावर न आलेली भीती आता एकदम आली. तिला नाला दिसला, बैलगाडीची वाट दिसली, मागच्या सीटवर कण्हणारी रोशनी दिसली. त्या दिवशी उतारावर तिनं काटा पंचेचाळीसपर्यंत नेला होता, आणि मनात म्हटलं होतं, काय सुंदर चालवतो आपण.

प्रफुल जवळ येऊन उभा राहिला. "ऑफ-रोडच्या गाड्या..." त्यानं सुरुवात केली.

"रोशनी मांगं होती," उर्वशी म्हणाली.

"मले मालूम नव्हतं उर्वशी. खरंच."

"तेच त. तुमाले मालूम नव्हतं, अन तुमी सांगत होते."

प्रफुल बाहेर गेला. तिथून त्यानं जीप विकणाऱ्या वरोऱ्याच्या माणसाला फोन लावला. भरपूर बोलायचं ठरवून लावला होता. पण तो माणूस गोड आवाजात म्हणाला, "भाऊ, मी विचारलं होतं ना, जंगलातच चालवणार ना म्हणून? हो म्हणले तुम्ही. जंगलात पन्नासनं कोण जाते?" प्रफुलनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. कारण हे त्याला पटल्यासारखं झालं होतं, आणि त्याचाच त्याला राग आला. शेवटी त्यानं एवढंच सांगितलं, "तुमच्या बायकोले बसवा एकदा त्यात," आणि फोन ठेवला.

जीप बऱ्याच दिवसांनी घरी आली. उंचीही उतरवून घेतली होती, आणि गिरजाबाईला ते आवडलं नाही. म्हणाली, आता ही चार लोकांसारखीच दिसते. उर्वशीनं मात्र जीपला हात लावला नाही. ती प्रणितकडे गेली आणि म्हणाली, मला काहीच येत नाही असं धरून शिकव. प्रणितनं आधी टायरांच्या रांगेकडे पाहिलं, मग हो म्हणाला. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी सरळ जाते, यावर विश्वास बसायलाच उर्वशीला आठवडा गेला. हात आपोआप उजवीकडे जायचा, आणि प्रणित शेजारून हळूच म्हणायचा, "सिस्टर, हे ऐकते. हिले ओढू नका." पुढच्या ट्रायलला वाढई साहेब कोणत्या गाडीत बसायचं ते आधी विचारूनच बसले. लायसन्स मिळालं.

मग एका संध्याकाळी जेवताना उर्वशीनं सांगून टाकलं. "तुमी चालवान त मी त्या जीपमंधी बसणार नाई. आई बी बसणार नाई. प्रणितकडे नाव टाका."

"मी? माझं लायसन्स हाय. दहा वर्षांपासून हाय."

"ते ट्रॅक्टर चालवून काढलं तुमी."

प्रफुलनं आईकडे पाहिलं. गिरजाबाई वरणात भाकर कुस्करत होती. "जा," ती म्हणाली.

त्यानं नाव टाकलं. सकाळी दुकान उघडण्याआधी तो कॉलेजच्या पोरापोरींबरोबर रांगेत उभा राहायला लागला. पोरं त्याला काका म्हणायची. प्रणित त्याला क्लच कसा सोडायचा ते समजावून सांगायचा, आणि तो घरी येऊन थोडा नाराज आवाजात सांगायचा, "प्रणित म्हणते माझा हात जड हाय."

"असंल," उर्वशी म्हणायची.

एका सकाळी लसीकरणाला निघालेल्या उर्वशीला कोठारीच्या रस्त्यावर पुढे ती पांढरी गाडी दिसली. पाठीवर लाल एल, आणि चालवणारा प्रफुल, खांदे वर, नाक जवळजवळ काचेला लागलेलं. गाडी बैलगाडीच्या वेगानं, पण अगदी सरळ चालली होती. मागून ट्रक हॉर्न देऊन देऊन पुढे निघून गेले. रस्ता मोकळा होता, जीप ठणठणीत होती. उर्वशीला कधीच पुढे जाता आलं असतं.

ती गेली नाही. वेग कमी करून ती त्याच्या मागेमागे, त्याला दिसणार नाही इतक्या अंतरावरून जीप चालवत राहिली. फाट्यावर तो वळला, इंडिकेटर देऊन, आणि मग तिनं आपली जीप लसीकरणाच्या गावाकडे घातली.