इनिसच्या ओठांपुढचा मी

मी इनिस लोरिमरचा मायक्रोफोन बोलतोय. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. ऐकणं हेच माझं काम. लिहायची सवय नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका दुकानातून इनिसने मला जुन्यात घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर बारा वर्षं मी त्याच्या ओठांपासून हललो नाही. पबच्या कोपऱ्यांपासून ग्लासगोच्या मोठ्या सभागृहांपर्यंत तो रॉक गाणी जीव तोडून गायला. लोक म्हणत, याच्या गळ्यात खडी भरलीय. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, कापावी लागेल. आवाज परत येईलच असं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा कार्यक्रम त्याने डंडीतच ठेवला, तोही दुपारी, कारण त्याची आई नेटा अंधार पडल्यावर बाहेर पडत नसे. तिने मुलाचं गाणं कधीच ऐकलं नव्हतं. तागाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले होते. तिथल्या सगळ्याच बायका ओठ वाचून गप्पा मारत. मुकादमाला शिव्याही तशाच देत.

नेटा पहिल्या रांगेत बसली. दुसरं गाणं संपलं तशी ती बोलली. आपण किती मोठ्याने बोलतो, ते तिला कळत नाही.

"इनिस, तोंडापुढचं ते काढ. काय म्हणतोस ते दिसत नाही मला."

सभागृह हसलं. ड्रमवरचा टॅम म्हणाला, "ऐक आईचं. आम्हालाही अजून कळलेलं नाही तू काय म्हणतोस ते."

मी मात्र शरमलो. हजारोंना मी त्याचा आवाज पोचवला, आणि या एकीच्याच आड आलो.

इनिसने मला स्टँडसकट बाजूला सरकवलं. मग काहीच ऐकू येईना. मी बिघडलो असं वाटून मागचे लोक ओरडू लागले. पण मी धडधाकट होतो. तो नुसते ओठ हलवत होता, अख्खं गाणं, तिच्याकडे बघत.

"हे गाणं माझ्यावर केलंस?" नेटा म्हणाली. "एवढी काही खाष्ट नव्हते मी."

पुढची गाणी त्याने मला हातात घेऊन गायली. शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज फाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची पिशवी घेऊन तो तिच्या स्वयंपाकघरात गेला. मी कोटाच्या खिशात होतो. त्याचा घसा पार बसला होता. चहा ओतल्याचा आवाज आला, मग फक्त नेटाचा.

"हो... आवाज नाही आला तर नाही आला... अरे, रडत बोलू नकोस, ओठ थरथरतात. सावकाश सांग."

त्याने सावकाश सांगितलं असावं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने मला तिच्या टेबलावर ठेवलं आणि बस पकडायला गेला.