छबूबाईचे जंतू

“आये, कासंला हात लावू नको!” सुनील गोठ्याच्या दारातून ओरडला.

छबूबाईने हात मागे घेतला. “का रं? आजवर कोन काढायचं दूध?”

“डॉक्टर काय म्हनला? तुझ्या पोटात जंतू हायेत. दुधात उतरले तर डेअरी सगळ्या गावाचं दूध माघारी धाडंल.”

सुनील गावच्या दूध संकलन केंद्राचा सचिव होता. जंतू म्हणजे नासलेलं दूध, एवढीच त्याची विद्या. तेवढ्यावर तो गावाला आरोग्याची भाषणं देई.

साध्या शिंकेने छबूबाईच्या बरगडीला चीर गेली, म्हणून तो तिला संगमनेरला घेऊन गेला होता. वयाने हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टर म्हणाले. शिवाय पित्ताच्या आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या वर्षानुवर्षं मनाने घेतल्याने आतड्यातले चांगले जंतू कमी झाले असावेत. हाडांच्या बळाला तेही हातभार लावतात. औषध चालू ठेवा, ताक, डाळी, पालेभाज्या द्या. सुनील तेव्हा मोबाईलवर बोलत होता. त्याने ‘आतड्यातले जंतू’ एवढंच उचललं आणि घरी येऊन आईचं ताट वेगळं केलं. ताकही बंद केलं. ताकात जंतू असतात, हे मात्र त्याला बरोबर ठाऊक होतं.

“ताक द्या म्हनले हुते की डॉक्टर,” सून रेश्मा म्हणाली.

“डेअरी तू चालवतीस का मी?”

रेश्माने ताकाचं भांडं झाकून ठेवलं. ताक तिनेही दिलं नाही.

आता सुनील स्वतः धार काढायला बसला. गाईने पान्हा चोरला. त्याने पेंड टाकली, कास धुतली, शिवी घातली. बादलीचा तळही झाकला नाही.

“आये, बस तिथं. हात नको लावू, नुसती बोल तिच्याशी.”

छबूबाई गव्हाणीशी बसली. “दे गं बाई माझी,” ती हळूच म्हणाली. गाईचे कान हलले. बादलीत धारा वाजू लागल्या.

“बघ, जमलं का न्हाई मला!” सुनील म्हणाला.

गाईने मान लांबवली आणि छबूबाईचा हात चाटायला सुरुवात केली.

“हात काढ आधी! गाय आजारी पाडती का?”

छबूबाईने हात काढला. बरगडी धरून, गव्हाणीचा आधार घेत ती उठली. “सांबाळ तुझी गाय,” एवढंच म्हणाली.

ती उंबऱ्याशी पोचेपर्यंत मागचा धारांचा आवाज थांबला होता.